इंजिनाचे ऐकावे

मोटारीचे इंजिन वाजू लागले की जुन्या बाजारातले दुसरे आणून बसवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो उतावळेपणाचा वाटतो. वडिलांच्या टॅक्सीस, एका जुन्या अ‍ॅम्बॅसडरला, हेच सांगण्यात आले होते. त्या पैशांत आम्हां भावंडांचे वर्षाचे शिक्षण झाले असते! हलकी टिकटिक क्रँकच्या निम्म्या गतीने होत असेल, तर दोष बहुधा टॅपेटचा. फीलर गेजने फट जुळविली की भागते. ठोका जड असेल, तर एकेका प्लगची तार जपून काढावी. जी काढताच तो मंदावेल, त्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग संशयास्पद समजावे. इंजिन बदलणेच भाग पडले, तरी आणलेल्याचा चेंबर उघडून बेअरिंगे पाहिल्यावाचून ते गाडीत उतरवू नये. क्लच-प्लेटही तेव्हाच पाहावी. मागाहून तेवढ्यासाठी गिअरबॉक्स काढावा लागतो. आमच्या गाडीत दोष टॅपेटचाच निघाला.