शिट्टी घ्यावी पारखून

गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीचं पत्र आलं. "कुकरची शिट्टी हरवली. बाजारात पाच-सहा तऱ्हेच्या मिळतात, दिसायला सगळ्या सारख्याच. कोणती घ्यावी?" प्रश्न साधा वाटतो. पण पत्र वाचलं आणि मला आमच्या घरची चतुर्थी आठवली. तीच आधी सांगते.

चतुर्थीला आमच्या घरी पंचवीस-तीस पानं होतात, म्हणून माळ्यावरचा मोठा कुकर निघतो. त्या वर्षी तो विहिरीवर घासायला नेला आणि शिट्टी कुठे गेली ती गेलीच. मुलांनी खेळायला घेतली असेल, नाहीतर नारळाच्या आळ्यात पडली असेल. मी आठवडा बाजारात गेले. एका फिरत्या विक्रेत्याच्या पथारीवर शिट्ट्यांचा ढीग होता. आमच्या शिट्टीसारखी दिसणारी एक उचलली. घरी आणून बसवली तर जरा घट्ट बसली. मनात म्हटलं, नवी आहे, वापरून सैल होईल.

दुसऱ्या दिवशी काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यासाठी रात्रभर भिजवलेले वाटाणे कुकरला लावले. मी खोबरं भाजत होते. मुलं ओट्यापाशीच पाटावर बसून लसूण सोलत होती. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. कुकर गप्प. सासूबाई देवाजवळून आत आल्या, क्षणभर थांबल्या आणि ओरडल्या, "गो, कुकर गप कित्याक? गॅस बंद कर आधी! पोरांका भायर काढ!"

गॅस बंद केला आणि आम्ही सगळी पडवीत येऊन बसलो. अर्धा-पाऊण तासानं कुकर निवला, तेव्हा शिट्टी काढली. ती नळीवर इतकी आवळून बसली होती की हातानं निघेना. मग झाकण उलटं केलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी डाग दिलेला होता. दोन वर्षांपूर्वी तो उडाला होता, तेव्हा मीच एका दुरुस्तीवाल्याकडे झाकण दिलं होतं. त्यानं डाग देऊन भोक बुजवलं आणि "आता पुन्हा उडणार नाही" म्हणाला. स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होते! म्हणजे वाफेला जायला एकही वाट राहिली नव्हती. शाळेत मुलांना दाब शिकवणारी मी, आणि माझ्याच स्वयंपाकघरात हा प्रकार!

म्हणून शिट्टीचं काम काय ते आधी समजून घेऊ या. शिट्टी वाजण्यासाठी नसते. ती एक वजन असते. खालच्या नळीच्या भोकातून वाफ वर ढकलते आणि शिट्टी आपल्या वजनानं तिला दाबून धरते. घरगुती कुकरात साधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला एक किलो एवढा दाब धरायचा असतो. त्या दाबाला पाणी शंभराऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून कडधान्य लवकर शिजतं. दाब त्याच्या वर गेला की शिट्टी उचलली जाते, जास्तीची वाफ निघून जाते. आपण ऐकतो तो तिचा आवाज.

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीतल्या मुलीला जमेल असं आहे. समजा नळीचं भोक तीन मिलिमीटरचं आहे. तेवढ्या भोकावर एक किलोचा दाब धरायला साधारण ७० ग्रॅम वजन लागतं. भोक चार मिलिमीटरचं असेल तर १२५ ग्रॅम. एका मिलिमीटरचा फरक, आणि वजन जवळजवळ दुप्पट! आता चार मिलिमीटरच्या नळीची शिट्टी तीनच्या नळीवर ठेवली, तर आत पावणेदोन किलोच्या वर दाब चढल्याशिवाय ती हलणारच नाही. उलट केलं तर दाब धरणार नाही, नुसती वाफ सूं-सूं करत जाईल, गॅस जळेल आणि वाटाणे कच्चे राहतील.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं वाटेल. अठरा सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर एक किलोचा दाब म्हणजे आतून अडीचशे किलोंचा रेटा. तांदळाची पन्नास किलोची पाच पोती समजा. पावणेदोन किलोंच्या वर दाब गेला तर जवळजवळ नऊ पोती! हे सगळं आपल्या हाताच्या अंतरावर, मुलं शेजारी बसलेली.

ही भीती कुकराइतकीच जुनी आहे. देनी पापाँ या फ्रेंच गृहस्थानं १६७९ साली लंडनमध्ये वाफेचं असं भांडं दाखवलं, आणि जादा वाफ सुटावी म्हणून त्याला वजनाची झडपही लावली. मूळ कल्पना तीच आजही आपल्या ओट्यावर आहे.

तेव्हा शिट्टी घेताना एवढं लक्षात ठेवा:

एक. शिट्टी दिसण्यावरून घेऊ नका. कुकर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीची आणि त्याच प्रकारची घ्या. आतल्या झाकणाचा की बाहेरच्या, किती लिटरचा, अॅल्युमिनियमचा की स्टीलचा, हे कागदावर लिहून न्या. त्याहून सोपं म्हणजे पिशवीत झाकणच घालून न्या. दुकानदार हसला तर हसू दे.

दोन. दुकानातच शिट्टी नळीवर बसवून बघा. कंपनीनं सांगितल्याप्रमाणे ती सहज बसली आणि निघाली पाहिजे. जोर लावावा लागला तर ती तुमची नव्हे.

तीन. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर नवाच बसवा, तोही त्याच कंपनीचा. त्याच्या पोटात लवकर वितळणारा मऊ धातू असतो. पाणी आटून कुकर तापला किंवा दाब फार वाढला, की तो वितळून वाफेला वाट करून देतो. तो उडाला म्हणजे बिघडला असं नाही, त्यानं आपलं काम केलं. त्याला डाग देणं, स्क्रू मारणं म्हणजे राखणदाराचे हातपाय बांधणं. आणि तो का उडाला, हेही शोधा. नळी तुंबली होती की पाणी कमी पडलं?

चार. रबरी रिंग कडक झाली, चिरली किंवा सैल पडली की बदला. कडेनं वाफ जात असेल तर झाकण ठोकून ठोकून बसवू नका.

पाच. कुकरच नवा घ्यायचा असेल तर आय.एस.आय.चा शिक्का आणि त्यावर आय.एस. २३४७ हा आकडा बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला हा शिक्का सक्तीचा आहे. तो नसलेले कुकर विकू दिल्याबद्दल २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं काही ऑनलाइन दुकानांना दंडही केला.

आणि शिट्टी योग्य असली तरी नळी मोकळी हवी. दर वेळी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतं का ते बघा. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत माळ्यावरच्या अॅल्युमिनियमला पांढरी बुकटी धरते. कुंभारीण माशीला तर असं भोक म्हणजे आयतं घरच, मातीनं बुजवून टाकते. काळ्या वाटाण्याची सालं आणि उकड्या तांदळाच्या पेजेचा फेसही नळीत अडकतो. म्हणून डाळ, तांदूळ, वाटाणे असं फुगणारं काही असेल तर कुकर अर्ध्यावर भरू नका. एरवीही दोन तृतीयांशाच्या वर नको.

आणखी एक. झाकण लावल्याबरोबर शिट्टी चढवायची सवय सोडा. आत आधी हवा असते. ती निघून नळीतून वाफेची सरळ जोरदार धार आली की मग शिट्टी ठेवा. हवा आत कोंडली तर दाब तेवढाच दिसतो, पण उष्णता कमी पडते आणि वाटाणे टचटचीत राहतात. नवी शिट्टी आणल्यावर पहिल्यांदा नुसतं पाणी घालून बघा. ठरावीक वेळानं उचलली जाऊन पुन्हा बसते ना? मगच अन्न लावा. शिट्ट्या मोजण्यापेक्षा पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ बघा. शिट्टी बदलली की मोजणी चुकते, घड्याळ चुकत नाही.

आणि कधी कुकर नेहमीपेक्षा जास्त वेळ गप्प राहिला, तर जवळ जाऊन शिट्टी हलवू नका. गॅस बंद करा, मुलांना बाहेर काढा आणि कुकर आपोआप निवू द्या.

त्या दिवशी सासूबाईंनी वाटाणे टोपात ओतून चुलीवर ठेवले. जेवणं तासभर उशिरा झाली. मी खाली मान घालून वाढत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "उशीर झालो तर काय बिघडतला?" दुसऱ्या दिवशी मी झाकण पिशवीत घालून दुकानात गेले. शिट्टी, व्हॉल्व्ह आणि रिंग, तिन्ही नवी घेतली. घरी आल्यावर बाजारातली शिट्टी शाळेच्या तराजूत घातली. कंपनीच्या शिट्टीपेक्षा ती तीस ग्रॅमनं जड निघाली. आता ती वर्गातल्या कपाटात असते. दाबाचा धडा आला की मी ती मुलांच्या हातात देते आणि वजन करायला सांगते.