वनातील मौन कोणी मोडले?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीची व तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी अडवून धरली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक व मार्गदर्शक निलंबित झाले. ही कारवाई योग्यच होती. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटला, असे आम्ही मानीत नाही. गाडी दामटणारा चालक दोषी खरा. पण ‘आणखी जवळ घ्या’ असा धोशा लावणारा, आणि वाघ दिसला तरच बक्षिसीसाठी खिशात हात घालणारा पर्यटक निर्दोष कसा?

खरे तर या गोंगाटात नुकसान पर्यटकाचेच आहे. रानात वाघ पुष्कळदा दिसण्यापूर्वी ऐकू येतो! वानराचा खोकल्यासारखा इशारा, चितळाची तीक्ष्ण साद, सांबराची खणखणीत आरोळी यांवरून जाणता मार्गदर्शक त्याचा ठाव घेतो. इंजिनाच्या घरघरीत आणि माणसांच्या कलकलाटात ही खूणच बुडते. म्हणजे ज्यासाठी एवढा आटापिटा, त्याच्यावरच आपण पाणी सोडतो.

गर्दी म्हटली की गोंगाट आलाच, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ म्यूर वुड्स हे उंच रेडवुड वृक्षांचे राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे गर्दीच्या एका भागात ‘शांतता क्षेत्र’ अशा पाट्या लावून पाहण्यात आले. आवाज सुमारे ३ डेसिबलनी उतरला. म्हणजेच ध्वनीची शक्ती जवळजवळ निम्म्यावर आली. साध्या पाटीने हे साधते, तर मनुष्यस्वभावाला दोष देऊन हात झटकण्याचा अधिकार कोणाला उरतो?

१९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले; वनरक्षणाची महाराष्ट्राची परंपरा एवढी जुनी आहे. तिला साजेशी शिस्त आता हवी. गाडी थांबताच इंजिन बंद व्हावे. एका ठिकाणी किती गाड्या उभ्या राहतील याची मर्यादा काटेकोरपणे पाळली जावी. प्रवेशद्वारापाशीच प्रत्येकाला मौनाचा नियम समजावून सांगावा, आणि तो मोडणाऱ्या पर्यटकालाही चालकाइतकाच दंड व्हावा.

तिकिटाचे पैसे मोजून आपण वनात जाण्याची परवानगी मिळवितो. वनाची मालकी नव्हे. पाहुण्याने पाहुण्यासारखे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.