बिलाला तपासनीस हवा

नाशिकच्या मुंबई नाक्याच्या परिसरात रुग्णालयांची दाटी आहे. पेठ, सुरगाणा, कळवणचा रुग्णही शेवटी इथेच आणला जातो. त्याच्या नातेवाइकाची खरी कसोटी डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या काउंटरवर लागते. हाती आलेल्या कागदावर ‘औषधे व साहित्य’ अशी एकच ओळ आणि पुढे हजारोंचा आकडा असतो. तपशील मागावा तर ‘आधी पैसे भरा, मग बघू’ हे उत्तर ठरलेले. वास्तविक तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. थकलेल्या बिलापायी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, हेही त्यात आले. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत, हा वैद्यक परिषदेचा दंडक तर २००२ पासूनचा. तेव्हा कायद्याची वानवा नाही. रुग्ण खाटेवर असतानाच नातेवाइकाचे ऐकून घेऊन रुग्णालयाला जाब विचारील, असा माणूस मात्र नाही.

असा माणूस नेमला की काय होते, हे करोनाकाळात दिसले. २१ मे २०२०च्या आदेशाने शासनाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधले : साध्या विलगीकरण कक्षासाठी दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. नुसत्या आदेशाने बिले उतरली नाहीत. ठिकठिकाणी लेखापरीक्षक बसले, बिलाची ओळन् ओळ तपासू लागले, तेव्हा जादा आकारणी उघड झाली आणि काही रकमा परतही गेल्या. जिथे ही यंत्रणा अपुरी पडली, तिथे लोकांना आंदोलनाचा रस्ता धरावा लागला. मे २०२१ मध्ये नाशिकमध्येच एका रुग्णाची अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी एका कार्यकर्त्याने खासगी रुग्णालयात अंगावरचे कपडे उतरवले. हक्काची रक्कम मागायला ही वेळ यावी, यातच तक्रारव्यवस्थेचे अपयश आहे.

ग्राहक न्यायालय आहे की, असे यावर सांगितले जाते. आहे, १९९५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणलीच. पण तिथला निकाल लागेपर्यंत घरातले दागिने गहाण पडलेले असतात. डॉक्टरांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोटी रुग्णालये आधीच खर्चाने पिचलेली, काही जण बिल बुडवून जातात आणि वर तोडफोडीची धास्ती. ही भीती खोटी नाही. म्हणूनच डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याला २०१० मध्ये कायदा करावा लागला. पण थकबाकी वसूल करायला दिवाणी मार्ग मोकळा आहे, त्यासाठी मृतदेह तारण ठेवावा लागत नाही. शिवाय काउंटरवरची बरीच भांडणे न कळलेल्या बिलातूनच पेटतात. त्रयस्थाने तपासलेले बिल डॉक्टरांचीही ढाल ठरेल.

शहरातील रुग्णालयांची नोंदणी महापालिकेकडे असल्याने तपासणीही तिचेच काम. पण पालिका स्वतःही रुग्णालये चालवते. २१ एप्रिल २०२१ रोजी तिच्याच डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्ण दगावले. सुरक्षित उपचार हाही हक्कच. तिथे तक्रार ज्याच्याविरुद्ध, त्याच्याकडेच न्याय मागायचा का? म्हणून अशा तक्रारी ऐकणाऱ्या तक्रार निवारण कक्षात पालिकेबाहेरचे डॉक्टर, लेखापरीक्षक आणि रुग्णांचे प्रतिनिधी हवेत. डिस्चार्जपूर्वी बिल तपासून देण्याची मुभा कक्षाला असावी आणि नोंदणीचे नूतनीकरण करताना त्या रुग्णालयाविरुद्धच्या तक्रारींची फाइल टेबलावर असावी. नोंदणी रोखण्याचा अधिकार पालिकेपाशी आहे. तो वापरला गेला, तरच भिंतीवरच्या सनदेची रुग्णालयांना दखल घ्यावी लागेल.