रात्रीचा उकाडा आणि दप्तरी व्याख्या

वैशाखांतील रात्र मालवणच्या किनाऱ्यावर कशी काढावी लागते हें आमच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाहीं. दिवेलागणीच्या सुमारास दिवसभर वाहणारा खारा वारा पडतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या मतलई वाऱ्यास सुटावयास अद्यापि अवकाश असतो, आणि या दोहोंमधल्या निर्वात वेळांत माडाची झावळीहि हालत नाहीं. अंग चिकचिकतें, उशी ओली होते, तान्हीं मुलें किरकिरतात आणि वृद्ध माणसें पहांटेची वाट पहात अंथरुणावर उठून बसतात. ज्यास सकाळीं पेठेंत दुकान उघडावयाचें आहे, ज्यास रापणीचा दोर ओढावयाचा आहे, ज्या बाईस चुलीपुढें उभें रहावयाचें आहे, त्यांपैकीं कोणासहि न झालेल्या झोपेबद्दल रजा मिळत नाहीं. असें असतां, या किनाऱ्यावर ‘उष्ण रात्र’ म्हणून कांहीं वस्तु आहे हें सरकारी व्याख्या मानीतच नाहीं, हें ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल.

भारतीय हवामान खात्याचा नियम असा कीं, रात्रीचें किमान उष्णमान सरासरीहून साडेचार अंश किंवा अधिक चढल्यास ती रात्र उष्ण समजावी. परंतु या नियमास एक परंतुक आहे, आणि वकिली सवयीमुळें आम्ही परंतुक आधीं वाचतों. त्या दिवशीं दुपारचें उष्णमान निदान ४० अंश सेल्सिअस असलें पाहिजे! समुद्राच्या शेजारीं पारा ४० वर क्वचितच जातो; मे महिन्यांतील आमची दुपार बहुधा ३३-३४ अंशांची आणि रात्र २६ अंशांच्या आसपासची असते. अर्थात् नागपूर-चंद्रपूरकडील रात्र उष्ण ठरूं शकते आणि मालवण-वेंगुर्ल्याची रात्र, माणूस घामानें निथळत असला तरी, जवळजवळ कधींच ठरूं शकत नाहीं. दिवसाच्या लाटेपुरती खात्यानें किनाऱ्यास सवलत दिलेली आहे. सपाट प्रदेशास ४० अंशांची अट, तर किनाऱ्यास ३७ अंशांची. मग जो न्याय दिवसास लागला तो रात्रीस कां लागूं नये? दमट उकाड्याचे इशारे खातें अलीकडे देतें हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. तथापि इशारा निराळा आणि व्याख्या निराळी. व्याख्येंत जें बसत नाहीं त्याची मोजदाद होत नाहीं, आणि ज्याची मोजदाद नाहीं त्यासाठीं अंदाजपत्रकांत पैसा धरला जात नाहीं.

पारा कमी म्हणजे त्रास कमी, ही समजूत शारीरशास्त्रास धरून नाहीं. मनुष्यदेह स्वतःस निववितो तो घाम वाळवून. एक लिटर घाम वाळला तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता अंगांतून जाते. परंतु हवाच पाण्यानें भरलेली असली म्हणजे घाम वाळत नाहीं, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम फुकट गेला. झोप लागतेवेळीं देहाच्या गाभ्याची उष्णता किंचित् उतरावी लागते व ती हातापायांच्या कातडीवाटे बाहेर पडते. निजण्यापूर्वीं हातपाय धुण्याचा जो दंडक आमच्या आज्यांनीं घातला तो यामुळें सशास्त्र ठरतो. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ माणसें उष्माघातानें दगावलीं, तेव्हां त्या परिसरांतला पारा ३८ च्याच आसपास होता. तो प्रकार दिवसाचा. रात्रीहि न निवल्यास काय होतें तें शिकागो शहरानें जुलै १९९५ मध्यें पाहिलें. थोड्याच दिवसांत तेथें सातशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत खिडक्या लावून एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते.

आतां घराकडे वळूं. चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढें पडवी, वर माळा, त्यावर कौलें, आणि उन्हाळ्यांत खळ्यावर झापांचा मांडव, अशी आमच्या घरांची जुनी घडण होती. कौल पातळ असतें. तें दुपारीं तापतें खरें, परंतु सूर्य बुडाल्यावर लवकर निवतें, आणि कौलांच्या सांध्यांतून कोंडलेली ऊन हवा वाट काढते. स्लॅबचें तसें नाहीं. चारपांच इंची काँक्रिट दिवसभर ऊन पितें आणि तें आंत पोंचावयास कांहीं तास लागतात. म्हणजे घरधनी निजावयास जातो त्याच वेळीं छत आपलें कर्ज फेडूं लागतें. जुनें तें सर्व आपलें व म्हणून पवित्र, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. ज्यास आपण वाडवडिलांचें म्हणून मिरवितों तें मंगलोरी कौल बासल मिशनच्या जर्मन मंडळींनीं १८६५ मध्यें मंगळुरास कारखाना काढून या किनाऱ्यावर आणलें. शिवाय स्लॅब लोकांनीं केवळ डौलासाठीं घातला असेंहि नाहीं. वानरें कौलें फोडतात, दरसाल तीं परतावयास माणूस मिळत नाहीं, वाशांचें लांकूड परवडत नाहीं. या अडचणी खऱ्या आहेत. तेव्हां स्लॅब राहणारच, असें धरून चालणें शहाणपणाचें.

मग स्लॅबास सावली तरी द्यावी. गळतीच्या भीतीनें हल्लीं पुष्कळ लोक वर पत्र्याचें छप्पर उभारतात. त्याच्या चारी बाजू उघड्या ठेवल्या तर पावसासाठीं केलेला खर्च उन्हाळ्यांतहि उपयोगी पडतो; त्या बंद करून तेथें भाड्याची खोली काढली तर ती भट्टी होते, आणि अशा भट्ट्यांतून हंगामी मजुरांस निजतांना आम्हीं पाहिलें आहे. ज्यास पत्रा परवडत नाहीं त्यानें फाल्गुनांत गच्चीस पांढरा चुना फांसावा. हा कांहीं आमच्या डोक्यांतला तरंग नव्हे. मे २०१० मधील प्राणहानीनंतर अहमदाबादेनें २०१३ मध्यें उष्णतेविषयींची देशांतील पहिली कृति-योजना केली व पुढें गरीब वस्त्यांचीं छपरें पांढरीं करण्याचें काम हातीं घेतलें. तेलंगणानें तर २०२३ मध्यें थंड छपरांचें स्वतंत्र धोरणच जाहीर केलें. तिसरी गोष्ट खिडक्यांची. कोरड्या उष्ण प्रदेशांत खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश असल्या तरी चालतील, परंतु दमट उष्ण प्रदेशांत त्या निदान एक षष्ठांश पाहिजेत, असें राष्ट्रीय इमारत संहितेंत लिहिलें आहे. इमारतवाल्यांस जो भेद कळला तो हवामानवाल्यांस रात्रीपुरता कां कळूं नये, हा प्रश्न वाचकांनींच विचारावा. नुसत्या मोठ्या खिडकीनेंहि भागत नाहीं. समोरासमोर दोन पाहिजेत, आणि डांसांच्या भयानें त्या लावून घेण्यापेक्षां जाळी किंवा मच्छरदाणी केव्हांहि बरी.

यंत्रांविषयीं थोडेंच सांगतों. देशावर उपयोगी पडणारा पाण्याचा कूलर येथें निरुपयोगी, किंबहुना अपायकारक. ओल्या हवेंत तो आणखी ओल मिसळतो. पंखा हवा थंड करीत नाहीं, परंतु घाम वाळवितो, आणि आमच्या रात्रींच्या उष्णमानांत हेंच हवें आहे. जुना पंखा सुमारें ७५ वॅट वीज खातो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. वातानुकूल यंत्रास दीड हजार वॅटच्या आसपास लागतात, आणि पाहुण्यांच्या खोल्यांतील तीं यंत्रें आपली ऊन वाफ शेजाऱ्याच्या खिडकीवर सोडतात ती निराळीच. तथापि वीजच नसेल तर पंख्याचाहि उपयोग नाहीं. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतर या जिल्ह्यांतील कित्येक गांवांनीं काळोख्या रात्री उकाड्यांत काढल्या. वादळाचा इलाज कोणाच्या हातीं नाहीं. परंतु झोपेच्या वेळीं दुरुस्तीसाठीं वीज बंद न करणें हें तर मनुष्याच्याच हातीं आहे.

मालवणच्या नगरपरिषदेनें बांधकामास परवानगी देतांना एक षष्ठांशाची अट कागदावर न ठेवतां जागेवर मोजावी, आणि पत्र्याखालीं माणसें निजविणाऱ्या घरमालकांस चुन्याचा खर्च करावयास लावावें. हवामान खात्याकडे किनाऱ्याच्या रात्रीची निराळी व्याख्या मागावयाची तर हातांत पुरावा पाहिजे. यासाठीं शाळामास्तर व व्यापारी मंडळींस आमची विनंति आहे कीं, एक साधा उष्णतामापक स्लॅबखालच्या खोलींत व एक कौलारू घरांत टांगून, रात्रीं दहा वाजतां व पहांटे चार वाजतां आंकडे लिहून ठेवावे, जवळ आर्द्रतामापक असल्यास त्याचाहि आंकडा शेजारीं मांडावा. चैत्रापासून मृगापर्यंतच्या अशा वह्या आमच्याकडे आल्यास त्या आम्ही या पत्रांत जशाच्या तशा छापूं.