मटाराच्या शेंगेतले जस्त

श्रावण सरताना दादरच्या रानडे मार्गावर पुरंदरच्या मटाराचे ढीग दिसू लागले की शेंग अंगठ्याने दाबून पाहणारी गृहिणी भावाविषयी यथेच्छ हुज्जत घालते. परंतु ज्या शेंगेत आठांच्या जागी चारच दाणे भरले, तिच्या दारिद्र्याचे मूळ कित्येकदा जमिनीतील जस्ताच्या अभावात असते, याची वार्ता आपणां शहरवासीयांना नसते. वाढीस प्रेरक असे ऑक्सिन घडण्यास जस्त लागते. ते न मिळाल्यास पेरे आखूड राहतात, पाने बारीक व पिवळट होतात आणि फुलोरा रोडावतो. चुनखडीच्या जमिनीत तर जस्त असूनही पिकास लागू पडत नाही, आणि स्फुरदाचा अतिरेक त्यात भर घालतो.

उपाय महाग नाही: माती-परीक्षणात कमतरता ठरल्यास पेरणीपूर्वी हेक्टरी सुमारे 25 किलो झिंक सल्फेट, तेही स्फुरदयुक्त खतात न मिसळता. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली निघाली खरी; पण पत्रिका दप्तरात आणि युरिया शेतात, हाच आपला रिवाज! युरियावरील सरकारी मेहेरनजर थोडी जस्ताकडे वळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र माती न तपासता दरसाल जस्त ओतणेही मला मंजूर नाही, कारण ते जमिनीत साचत जाते.