चहापुरती भेट

ज्यांच्या हाताखाली मी अध्यापनाचे पहिले धडे गिरवले, ते माझे ज्येष्ठ सहकारी गेल्या आषाढात रात्री न्हाणीघराकडे जाताना पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, औषधे, दिवसरात्रीच्या परिचारिका. जन्मभराच्या काटकसरीने साठवलेली गंगाजळी तीन महिन्यांत आटली. पुण्याच्या मुलाची रजा संपली ती वेगळीच.

इंदूरच्या रामबागेतील त्यांच्या घरी मी दर रविवारी जात असे. चहा होई, जुन्या नाटकांच्या आठवणी निघत आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने मी उठत असे. ते पडल्यावर काकूंकडून कळले की, झोपेची गोळी घेऊन रात्री उठताना त्यांचा तोल पूर्वीही दोनदा गेला होता. वाटेतला दिवा कित्येक दिवस बंद होता, फरशी निसरडी होती. इतक्या रविवारांत मी यांतले काही पाहिले नाही. 'बरं आहे ना?' असे विचारले की 'बरं आहे' हेच उत्तर यायचे.

अशा भेटींचे मोल डेन्मार्कने फार पूर्वी जोखले. कोपनहेगनच्या एका उपनगरात ७५ वर्षांवरील २८५ जणांना तीन वर्षे, दर तीन महिन्यांनी घरी भेटून त्यांच्या गरजा समजून घेण्यात आल्या. तशाच २८७ जणांना या भेटींवाचून ठेवले. १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पहिल्या गटात रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग २१९, दुसऱ्यात २७१, मृत्यू अनुक्रमे ५६ आणि ७५. पुढे १९९६ साली अशा भेटी देऊ करणे तेथील नगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक झाले.

मात्र भेट म्हणजे रामबाण नव्हे. नेदरलँड्समधील काही प्रयोगांत ना प्रकृती सुधारली, ना खर्च घटला. अनेक प्रयोगांचा एकत्रित विचार २००२ साली झाला, तेव्हा दिसले की, जेथे शरीर, मन, घर यांची सर्वांगीण पाहणी झाली, भेटी पुन्हापुन्हा झाल्या आणि माणूस फार खचण्यापूर्वीच त्या सुरू झाल्या, तेथे गुण आला. माझ्या रविवारांत काय उणे होते, ते हे वाचून उमगले. मी जात होतो; पाहत नव्हतो.

ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळाले आहे. ही मोठीच सोय. पण ती पडल्यानंतरची. पडू नये म्हणून घरात डोकावणारे कोणी हवेच, आणि ज्यांची मुले पुण्यामुंबईस वा परदेशी गेली, अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत.

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आपल्या मंडळाची मुले घरोघर जातात. तीच दर तीन महिन्यांनी, समाजातील एखाद्या निवृत्त परिचारिकेसह, का जाऊ नयेत? दिवे, फरशी, चपला पाहाव्यात. सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावीत. गेल्या वर्षात किती वेळा पडलात, डोळे कधी तपासले, दोन्ही वेळा जेवता ना, असे नेमके विचारावे. आणि सांगितलेले झाले की नाही, हे पाहण्यास पुन्हा जावे.

त्यांच्याकडचा तो दिवा मी आता बदलला आहे. त्यास लागली अवघी दहा मिनिटे.