डोंगरावरची खाण, पायथ्याची विहीर

‘जबाबदार’ हे विशेषण अलीकडे खाणकामाच्या मागे फार सहजपणे लावले जाते. त्याचा अर्थ छापील अहवालांत शोधू जाता फारसे हाती लागत नाही. तो पाहावयाचा असेल, तर खाणीखालच्या गावात मे महिन्यात विहिरीत डोकावावे आणि जुलैत भाताच्या खाचरात उभे राहावे. या महिन्यात वाचकांस गोव्याच्या अशाच गावांकडे घेऊन जावयाचे आहे. तेथे दीर्घ खंडानंतर लोहखनिजाचे काम पुन्हा सुरू झाले आहे, आणि जुन्या चुका टाळण्याची संधी अद्याप हातची गेलेली नाही.

डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांतील गावे बहुधा डोंगराच्या कुशीत वसलेली आहेत. माथ्यावर जांभ्या दगडाचे कवच असते. वर्षाकाठी पडणारा सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस त्यातून झिरपून डोंगराच्या पोटात साठतो व उन्हाळाभर झऱ्यांच्या वाटे खाली उतरतो. कुळागरातील पोफळी, वायंगणाचे भात आणि परसातील विहीर ही सारी या साठवणीवर जगतात. परंतु लोहखनिजही याच डोंगरात, जांभ्याच्या खाली आहे. आणि भुकटीसारखे मऊ खनिज ज्या थरात सापडते, तोच थर पाणी धरून ठेवणाराही असतो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्डा पाण्याने भरतो. ते पंपांनी उपसल्यावाचून काम पुढे सरकत नाही, आणि जे उपसले जाते ते बहुतांशी शेजारच्या विहिरींच्या वाट्याचे पाणी असते. ‘पाऊस तर भरपूर झाला, मग विहीर का आटली?’ या गृहिणीच्या प्रश्नाचे उत्तर आकाशात नसून वरच्या खड्ड्यात असते.

दुसरी गोष्ट मातीची. गोव्यात एक टन खनिज मिळविण्यासाठी साधारणपणे अडीच ते तीन टन माती-दगड उकरून बाजूला टाकावे लागतात. 2010-11 साली तेथून 5 कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्यात कर्नाटकातून आलेला मालही होता हे खरे. तरीही मागे राहिलेल्या ढिगाऱ्यांची कल्पना वाचकांनीच करावी. पहिल्या मोठ्या सरीबरोबर या ढिगाऱ्यांवरची लाल माती ओहोळात उतरते, ओहोळातून खाचरात येते, आणि वाळल्यावर तिचा असा कठीण पापुद्रा बनतो की रोपांची मुळे त्याखाली गुदमरतात. ओहोळ उथळ झाला की पुढच्या वर्षी पाणी अधिकच पसरते. अशी शेते एकदा पडीक पडली म्हणजे ती पुन्हा लागवडीखाली आणणे मोठे जिकिरीचे व खर्चाचे काम होऊन बसते.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हे काम थांबविले. 2014 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने निकाल देताना, 2007 च्या नोव्हेंबरातच पट्ट्यांची मुदत संपली होती असे ठरविले आणि उत्पादनावर वर्षाला 2 कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. 2018 साली नूतनीकरण केलेले 88 पट्टेही रद्द झाले. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांची या काळात कोण दैना झाली, हे विसरून चालणार नाही; पर्यावरणाची बाजू घेणाऱ्या काही लेखकांना या घरांची आठवण क्वचितच होते. दुसरीकडे, यंत्रे थांबली म्हणून ढिगारे थांबले नाहीत. ते दर पावसाळ्यात वाहतच राहिले. खाण बंद करणे आणि खाण नीट मिटविणे यांत केवढे अंतर आहे, हे त्या वर्षांनी दाखवून दिले. पुढे 2022 च्या अखेरीस पट्ट्यांचे लिलाव झाले व 2024 मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरू झाले.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि त्यांतले बरेचसे उपाय आपल्या शेतकऱ्याच्या पूर्वापार ओळखीचे आहेत. ढिगाऱ्याला पायऱ्या पाडाव्यात. त्याच्या पायथ्याशी जांभ्याच्या दगडांचा बांध घालावा. सभोवार चर खणून गढूळ पाणी एकामागून एक निवळ-तळ्यांत सोडावे व स्वच्छ झाल्यावरच ओहोळात जाऊ द्यावे. ढिगाऱ्याच्या उतारावर गवत व स्थानिक झाडे लावावीत. अट एवढीच की तळ्यांतला गाळ पावसाआधी काढला पाहिजे. गाळाने भरलेले तळे केवळ नकाशावरच उपयोगी असते. उपसलेले पाणी निवळून शेतीला देता येते. काम आटोपल्यावर खड्डा भरून काढावा किंवा त्याचा जलाशय करावा, याचीही योजना आधीच करून तिच्यासाठी आर्थिक हमी ठेवणे नियमांनी बंधनकारक आहे.

रस्त्याकडेच्या घरांची कथा निराळी. खनिज ट्रकने नदीच्या धक्क्यावर आणि तेथून बार्जने मुरगाव बंदराकडे जाते. ट्रक काठोकाठ भरलेला, ताडपत्री ढिली आणि रस्ता कोरडा, असा योग आला की लाल धूळ थेट चुलीपर्यंत पोहोचते. अशा घरांत कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि पाण्याची भांडी झाकून ठेवावीत. गढूळ पाणी आले तर तुरटी फिरवून निवळू द्यावे, गाळून मग उकळावे. मात्र ही केवळ घरातली मलमपट्टी होय. धुळीचे खरे औषध ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधणे, रस्त्यावर पाणी शिंपडणे आणि शक्य तेथे वस्तीबाहेरून स्वतंत्र रस्ता काढणे, हेच आहे. मुलांचा खोकला लांबला, तर ‘धुळीचाच असेल’ म्हणून तो अंगावर काढू नये.

आता पैशासंबंधी. 2015 च्या कायदेदुरुस्तीनुसार खाणकाम चालणाऱ्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करावयाचे असते. मग तो जिल्हा गोव्यातला असो, केओंझरचा असो की बळ्ळारीचा. लिलावाने दिलेल्या पट्ट्यांतून स्वामित्वशुल्काच्या 10 टक्के व त्यापूर्वीच्या पट्ट्यांतून 30 टक्के इतकी रक्कम या निधीत जमा होते. पिण्याचे पाणी, प्रदूषण-नियंत्रण, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण यांसारख्या कामांवर किमान 60 टक्के खर्च व्हावा असे आरंभी ठरले, आणि 2024 च्या सुधारित तत्त्वांत ते प्रमाण 70 टक्के करण्यात आले. आपल्या गावची विहीर कोरडी आणि निधी मात्र शिल्लक, अशी स्थिती असेल तर ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारावा. हा निधी खाणबाधितांसाठीच आहे. त्यातून पाणी मागणे म्हणजे कोणाची मेहेरबानी मागणे नव्हे.

नव्या खाणीपूर्वी होणाऱ्या जनसुनावणीचेही असेच. 2006 च्या अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते व अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तेथे मोठे भाषण करण्याची गरज नसते. विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती हात खाली गेले, ओहोळ कोणत्या तारखेला लाल झाला, हे घरच्या दिनदर्शिकेवर दोन-तीन वर्षे टिपून ठेवलेले असेल, तर तेवढेच वाचून दाखवावे. तारखांसह केलेली नोंद बाजूला सारणे अधिकाऱ्यांस अवघड जाते. आणि आपले बोलून झाले म्हणून उठून जाऊ नये. सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा वृत्तान्त उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो, आणि त्यानंतरच त्यावर सही होते. आपल्या विहिरीचा उल्लेख त्यात आला की नाही, हे तेव्हाच कळते.